मधली ओळ तेवढी वाजते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेलीच आहे, त्यामुळे काही अंगं प्रत्यक्ष टेकली आहेत आणि उरलेली मनोभावे टेकवली आहेत, असं समज.) तुझा खांदा आता कसा आहे, भाओजींनी साखर खरंच सोडली की सोडल्याचं फक्त तुला सांगतात, तुझ्या समोरच्या इमारतीचं बांधकाम तुझ्या खिडकीत शिरायच्या आधी थांबलं का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पत्र टाइप करून, छापून, पाकिटात घालून पाठवतोय, कारण पडद्यावर वाचलेलं ते वाचलेलं नव्हे, या मतावर बाबा अजून ठाम आहेत.

परवा फोनवर तू मला जे काही बोललीस ते मी ऐकून घेतलं. तुझंही चुकलं नाही. बाबा लागोपाठ तीन रविवार तुझ्या फोनवर आले नाहीत. एकदा ते झोपले होते, एकदा आंघोळीला गेले होते आणि एकदा गॅलरीत होते. (गॅलरीतून फोनपर्यंत यायला माणसाला किती वेळ लागतो, हे तू मला दोनदा विचारलंस.) एक तर ते तुझ्यावर रागावलेत, नाहीतर आजारी आहेत आणि मी लपवतोय, असं तू धरून चाललीस आणि रडलीस. ताई, दोन्हीही खरं नाही. बाबा ठणठणीत आहेत आणि तुझ्यावर रागावणं त्यांना आजवर जमलेलं नाही, तो मान माझा. खरं कारण माझ्या कीबोर्डात आहे. हसू नकोस, आणि पुढचं शांतपणे वाच.

माझा कीबोर्ड तुला आठवत असेलच. परक्या भाषेतल्या मालिकांचे संवाद पडद्याखाली लिहायचं हे काम मी घरी बसून करायला लागलो, तेव्हा बाबांनीच तो घेऊन दिला. दुकानात त्यांनी एकेक खोकं उघडायला लावलं, प्रत्येक कीबोर्डाला कान लावून दोन-दोन ओळी बडवल्या, आणि दुकानदार रडकुंडीला आल्यावर त्यातला सगळ्यात कर्कश कीबोर्ड उचलून म्हणाले, यात जीव आहे. आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवलेल्या माणसापुढे आपण काय बोलणार? तेव्हापासून मी आतल्या खोलीत कडकडकड करतो आणि पलीकडे आरामखुर्चीत बाबा डोळे मिटून ऐकतात. मध्येच भिंतीपलीकडून शेरा येतो, ‘अनामिका आळशी आहे’. (कोणी पाहुणे बसलेले असले की त्यांना वाटतं, ही घरातल्या कोणा बाईची निंदा चाललीय. मग मला उजव्या हाताचं चौथं बोट दाखवून खुलासा करावा लागतो.)

आता तुझ्या भावजयीची बाजू. तिच्या गणिताच्या शिकवण्या संगणकावरून चालतात, त्याही त्याच खोलीत, माझ्या पाठीला पाठ लावून. मुलं विचारायची, मॅडम, तुमच्याकडे गारा पडतायत का? एका पालकाने तर, तुम्ही छापखान्यात राहता का, असं अगदी अदबीने विचारलं. तिने बरेच दिवस सोसलं. मग एके दिवशी शांतपणे एक डबी माझ्यासमोर ठेवली. त्यात आवाज न करणारे स्विच होते. कीबोर्डाच्या प्रत्येक कीखाली बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो. तो उपटून दुसरा बसवला की झालं, सोल्डरचा डाग द्यावा लागत नाही, लहान मूलही करेल, असं तिने सांगितलं. (लहान मूल घरात नसल्यामुळे काम माझ्याकडे आलं.) बाबांना सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. त्यांनी हौसेने घेतलेली वस्तू, उगाच मन कशाला दुखवा? शिवाय त्यांना कळणार तरी कसं? दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही, नळ बंद करा म्हटलेलं ऐकू येत नाही. (बिस्किटाचा पुडा उघडलेला मात्र गॅलरीत बसूनही ऐकू येतो, यावरून आम्ही काही शिकायला हवं होतं.)

बाबा केस कापायला गेल्याबरोबर मी कामाला लागलो. आधी कीच्या टोप्या काढल्या. त्याला तारेचा एक चिमटा असतो, तो अडकवून ओढलं की टोपी टपकन बाहेर येते. इतकी गंमत वाटली की कुठली कुठून काढली हे न बघता सगळ्या काढून मी त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. टोप्यांखाली जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, जेवणाच्या टेबलावर बसून वाचत असशील. मग स्विच. हे प्रकरण हट्टी निघालं. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून सरळ वर ओढायचं असतं. मी घाईघाईने वाकडे ओढले. प्रत्येकाला खाली दोन बारीक पितळी पाय असतात, त्यातल्या बहुतेकांनी मान टाकली. जुने आता लागणार कुणाला, म्हणून मी ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात फेकत गेलो. नवे बसवले. काही नीट बसले, काही नुसते बसल्यासारखे दिसले.

मग टोप्या परत लावायची वेळ आली, आणि चाळणीत वाळत घातलेल्या त्या अक्षरांकडे बघताना माझ्या लक्षात आलं की कुठलं अक्षर कुठं असतं हे मला माहीतच नाही. तुलाही माहीत नसणार, पैजेवर सांगतो. आपल्याला बाबांनी हातांवर फडकं टाकून शिकवलंय. बघशील तर फटका, हा क्लासचा एकच नियम. रोज हजारो शब्द लिहितो, पण अक्षरांचे पत्ते बोटांना ठाऊक, मला नाहीत. शेवटी डोळे मिटून टोप्या नसलेल्या कीबोर्डावर एकेक शब्द वाजवायचा, बोट जिथं पडेल तिथं डोळे उघडून बघायचं, आणि ती टोपी तिथं लावायची, असा उद्योग आरंभला. तेवढ्यात तुझी भावजय आत आली. नवरा डोळे मिटून अदृश्य पेटी वाजवतोय, हे दृश्य तिने उंबरठ्यावरून बराच वेळ पाहिलं आणि दार हळूच लोटून परत गेली. दोन टोप्या तरी चुकल्याच. मला काही फरक पडत नाही, मी बघतोच कुठे? ती मात्र माझ्या संगणकावर बिलं भरायला बसते तेव्हा बघून टाइप करते, त्यामुळे तिचा पासवर्ड इतक्या वेळा चुकला की संगणकाने तिला ओळख दाखवणंच बंद केलं.

बाबा केस कापून आले, चहा प्यायले, खुर्चीत टेकले. मी कामाला बसलो. खोलीत इतकी शांतता की मला माझंच काम चालू आहे की नाही असं वाटायला लागलं. भिंतीपलीकडून शेरा आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आम्ही दोघं खूश. झाकली मूठ झाकलेलीच राहिली, असं एकमेकांना खुणेने सांगत होतो. नंतर मात्र बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. बाबा दारापर्यंत यायचे, माझ्या पाठीकडे बघत उभे राहायचे आणि मी वळलो की पंख्याकडे बघत निघून जायचे. कपात चमचा वाजवून मान तिरकी करायचे. एकदा कानाजवळ चुटकी वाजवताना मी त्यांना पाहिलं, तर म्हणाले, डास. आणि त्याच रविवारी तुझा फोन वाजला तेव्हा ते मला म्हणाले, तिला सांग मी झोपलोय. हे त्यांनी ताठ बसून, उघड्या डोळ्यांनी सांगितलं. मी तेवढंच तुला सांगितलं. मला वाटलं, लहर असेल.

तू परवा रडलीस आणि फोन ठेवलास, ते तुझ्या भावजयीने ऐकलं. माझ्यासारखी ती विचार करत बसली नाही. सरळ खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, बाबा, काय झालंय ते मला सांगा. सुनेपुढे त्यांचं काही चालत नाही, हे तुला माहीत आहेच. मी दाराआड उभा होतो. आधी त्यांनी काही नाही, काही नाही केलं. मग म्हणाले, कोणाला न सांगता मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने कानाला यंत्र लावलं, बारीक बारीक आवाज ऐकवले, मी सगळे ओळखले. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत म्हणाला.

‘त्याची ती टीं-टीं ऐकू येते गं,’ बाबा म्हणाले. ‘मुलगा ऐकू येत नाही. पलीकडच्या खोलीत बसलाय, बोटं हलताना दिसतात, आणि काही ऐकू येत नाही. मग पोरीशी फोनवर काय बोलू? ती एक विचारणार, मी दुसरंच सांगणार, आणि ती तिकडे एकटी घोर लावून घेणार.’

ताई, त्यांचे कान शाबूत होते, मुकं आम्ही घर केलं होतं. तुझी भावजय बाहेर आली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, आत्ताच्या आत्ता ते जुने स्विच लाव. मी विचारलं, तुझ्या शिकवणीचं काय? म्हणाली, मी स्वयंपाकघरात बसून शिकवीन, गारा पडू देत.

पण लावणार कुठून? डबा उघडला तर सगळ्यांचे पाय वाकडे. माझ्या घाईने हाती धुपाटणं आलं होतं. आम्ही दोघं चष्मे लावून, भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक पाय सरळ करत बसलो; काही झाले, काही मोडून हातात आले. शेवटी स्पेसबार आणि मधली ओळ भरेल एवढेच धड निघाले. मधली ओळ म्हणजे बाबांची लाडकी ओळ, क्लासमध्ये पहिला महिनाभर दुसऱ्या ओळीला हात लावू न देणारी. ते बसवले आणि मी लिहायला लागलो. वरची ओळ मुकी, खालची मुकी, मधली कडकड. दात पडलेल्या माणसाने शिट्टी वाजवावी तसा आवाज येत होता.

बाबा दारात आले. यावेळी पंख्याकडे बघितलं नाही. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘मधली ओळ आहे. बाकीच्या दोन कुठं गेल्या?’

मग सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. ते स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले; त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. मग म्हणाले, आधी मला सांगितलं असतंत तर मीच सरळ ओढून काढून दिले असते, तुला स्क्रूसुद्धा धड काढता येत नाही. जाता जाता वळून म्हणाले, अनामिका आळशीच आहे अजून. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तर आता काळजी करू नकोस. भाओजींना नमस्कार, आणि त्यांच्या साखरेच्या डब्याला तुझी नजर.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत),
धाकटा

ता. क. — मूळ मुद्दा राहिलाच. तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावर संगणकाच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून निळ्या दांड्याचे, आवाज करणारे स्विच पाठव, पूर्ण कीबोर्डाला पुरतील एवढे. दुकानदार मंद आवाजाचे दाखवेल, ऐकू नकोस. तुझी भावजय म्हणते, असतील तितके कर्कश घे.

ता. क. दुसरा — रविवारी बाबा फोनवर येतील. त्यांच्या कानाचं आणि डॉक्टरचं तुला काहीच कळलं नाही असं वाग. आणखी एक. त्यांच्याशी बोलता बोलता तू गुपचूप ऑफिसचं टाइप करतेस आणि त्यांना कळू नये म्हणून हळू करतेस, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. हळू करू नकोस. ते म्हणतात, ‘हो का’, ‘बरं’, ‘अस्सं’ हे ती सवयीने बोलते, ती खरी कशी आहे ते मला बोटांवरून कळतं. तुझी डावी करंगळी सुधारली आहे, असा निरोप आहे.

ता. क. तिसरा — इतकं लिहिलं आणि बाबा मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघितलंही नाही, विचारलं, ‘ताईला लिहितोयस ना?’ कशावरून म्हटलं, तर म्हणाले, ‘कामाचं लिहिताना तू ओळीओळीला अडतोस. तिला लिहिताना दम खायचं विसरतोस.’ मग खुर्ची इकडेच ओढली, डोळे मिटले, आणि म्हणाले, चालू दे. ताई, खरं तर माझं लिहून संपलं आहे. पण ते ऐकत बसलेत, म्हणून लिहितोय. तुझ्यासाठीचं पत्र वर संपलं असं समज. इथून पुढे पानभर जे काही येईल ते वाचलं नाहीस तरी चालेल, ते बाबांसाठी आहे.