कुत्र्याच्या छत्रीचा अर्क

आबा, कुत्र्याच्या छत्रीचं औषध निघालंय. हसू नका. उकिरड्यावर दिसली की तुम्ही जी काठीनं उडवायचात, तिच्याच कुठल्याशा दूरच्या जातभाईचा हा अर्क आहे. काळपट, कडूजहर, थेंबाथेंबानं घ्यायचा. माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी शिरूरहून पहिल्या एसटीनं केमोला जाते. जाऊबाईंनी ही बाटली आणून दिली. म्हणाल्या, "घे गं, लई जणी घेत्यात." प्रतिकारशक्ती वाढते, असं वर छापलंय. खरंच वाढत असेल? त्या छत्रीला माझ्या गाठीशी काय देणंघेणं? तुम्ही असतात तर बूच काढून आधी वास घेतला असतात. मला तर राहवेना, म्हणून डॉक्टरीणबाईंना शेजारणीचं नाव सांगून विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळेत काही चांगलं दिसलंय, पण माणसांवर अजून पक्कं कळलेलं नाही. केमोबरोबर तर विचारल्याशिवाय घेऊच नये. शेजारणीला तिच्या डॉक्टरांना सांगायला सांगा." मी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन थेंब घेतले.

काल माझ्या रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेलं दिसलं. केमो पुढं ढकलली. बाईंनी विचारलं, "दुसरं काही घेता का?" मी म्हटलं, "न्हाई." बिघाड केमोनं झाला की आणखी कशानं, याचा विचार करत त्या कागद उलटसुलट करत राहिल्या. मला त्यांची दया आली आणि स्वतःची भीती वाटली.

परतताना एसटीत आपला गोठा आठवला. मी सात-आठ वर्षांची आहे. काबऱ्या शेळीचं पोट फुगलंय. तुम्ही तिला औषध पाजता, शिंगाला लाल चिंधी बांधता आणि आईला बजावता, "चिंधी हाय तवर दुसरं काय बी पाजू नको. दोन औषधं झाली की कशानं गुण आला अन् कशानं घात झाला, कळत न्हाई." मग तुम्ही उरलेली शेरडं घेऊन रानात गेलात. दुपारी आईनं पाहिलं, शिंग मोकळं. तिनं तिचा काढा पाजला. दिवस मावळायच्या आत काबरी गेली. तुम्ही आईला नको नको ते बोललात. "चिंधी नव्हती वो," एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी तुम्हीच म्हणालात, चिंधी गोठ्यामागच्या बाभळीला अडकून पडली असंल.

आज मी जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडून बाटलीच्या मानेला बांधली आहे. उद्या ती बाईंच्या टेबलावर ठेवीन. त्या रागावतील, रागावू देत. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाही सांगून टाकते. चिंधी बाभळीला अडकली नव्हती, आबा. माझ्या बाहुलीला लुगडं नव्हतं.