शुक्रवारचा कॉम्प्युटर

पप्पा, तुमचा कॉम्प्युटर मी भंगारात देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. दादा परवा इस्रायलहून फोनवर म्हणाला, ते धूड कशाला ठेवलंयस, आता सगळं मोबाईलवर होतं. मी म्हटलं, पनवेलच्या घरात काय ठेवायचं ते पनवेलमध्ये राहणारं माणूस ठरवेल. तुम्ही असता तर मला डोळ्यांनी दटावलं असतं. खुशाल दटावा. मला तुमच्याशी भांडायचंच आहे.

दादा तिकडे गेला तेव्हा आपल्याकडे भारनियमन होतं. शुक्रवारी दुपारी गेलेली वीज उन्हं कलल्यावर यायची, आणि सूर्य बुडायच्या आत आईला शब्बाथचा दिवा लावायचा असायचा. एकदा दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आपल्या घरात कुठल्या बटणाला हात लागत नसे. दादाला सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून त्याला पडद्यावर बघायचं ते वीज येणं आणि दिवा लागणं यांच्यामधल्या तेवढ्याशा वेळात. आई डोक्यावर पदर घेऊन, पेल्यात तेल-वात तयार ठेवून कॉम्प्युटरसमोर बसली आहे. तिला नातवाचं तोंड बघायचंय. आणि तुमचा कॉम्प्युटर नुसता घरघरतोय, पडद्यावर वाळूचं घड्याळ हलत नाही. सगळं सुरू होईपर्यंत खिडकीतलं ऊन गेलेलं असायचं. आई उठायची आणि दिवा लावायची.

जासईला आमच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बिघडलेले कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात पडायचे, त्यामुळे मला त्यातलं थोडंफार कळत होतं. एका रविवारी कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ ब्रशने काढली, जादा रॅम बसवली. मग कॉम्प्युटर सुरू होतानाच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची यादी काढली. शब्दकोश, तऱ्हेतऱ्हेची घड्याळं, वॉलपेपर बदलणारं काहीतरी, दोन-दोन अँटीव्हायरस. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडींमधलं सगळं तिथे ठाण मांडून बसलेलं. नको त्यांच्यासमोरची खूण मी एकेक करून पुसली. तुम्हाला शेजारी बसवून शिकवलंही. कॉम्प्युटर चटकन सुरू झाला, आईला कोण आनंद. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच घरघर. मी पुन्हा खुणा पुसल्या, पुन्हा तेच. हार्ड डिस्कच गेली असणार म्हणून मी नवी आणायला निघाले होते.

मग एका गुरुवारी मी ऑफिसातून लवकर घरी आले. तुम्ही चष्मा नाकावर ओढून त्या यादीसमोर बसला होता आणि एकेक खूण परत लावत होता. मी शिकवलं होतं तसंच, अगदी नीट. मी विचारलं, पप्पा, हे काय चाललंय? तुम्ही माऊस सोडला नाहीत.

"हा सुरू झाला की दादा विचारतो, घर विकून कधी येताय. मला त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणवत नाही."

तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जायचं नव्हतं ना, मग तसं सांगायचं. संध्याकाळची तुमची एसटी स्टँडपर्यंतची फेरी, मासळीवालीशी घातलेली हुज्जत, हे सोडून जायचं नव्हतं. यात लाजण्यासारखं काय होतं? त्यासाठी आईचा नातू का अडवून धरलात? मी तिला काही बोलले नाही. पण तुमच्या देखत सगळ्या खुणा पुसल्या, तुम्हाला पुन्हा लावता येऊ नयेत म्हणून पासवर्ड घातला, आणि तो तुम्हाला दिला नाही. त्यानंतर आईने नातवाला रांगताना पाहिलं, चालताना पाहिलं. दादाने विचारलं की तुम्ही म्हणायचात, बघू. शेवटपर्यंत बघूच. मला त्याचं वाईट वाटत नाही, पप्पा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पुसेन.

तुम्ही गेल्यावर दादा आईला घेऊन गेला. आता शुक्रवारचा दिवा मी लावते. त्याआधी मोबाईलवर आई दिसते, आणि आता ती विचारते, कधी येतेस. मी स्वच्छ सांगते, येणार नाही, माझं घर इथे आहे. दादालाही तेच सांगितलंय. नाही म्हणायला असं कितीसं लागतं, हे तुम्हाला दाखवायचं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं सांगते. गेल्या शुक्रवारी विचारताना आईचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आई, ऐकू येत नाहीये, नेट गेलंय वाटतं. नेट व्यवस्थित चालू होतं.