तुमच्याशिवाय घर हलणार नाही

४ एप्रिल

पोचले एकदाची! उतरताना माझी बॅग पाण्यात जाता जाता राहिली, नावाड्यानं चार शब्द ऐकवले, मी त्याला पाच ऐकवले, आणि आउकेल बेटावर पाऊल पडलं. पण घर बघितलं आणि सगळा शीण उतरला. टेकडीच्या उतारावर आहे, खाली किनारा, मागे सफरचंदाची झाडं. सगळं लाकडी, पिवळा रंग जरा उडालेला. पाया असा नाहीच, जाड खुंटांवर उभं आहे. आत लोखंडी चूल आणि छपरातून वर गेलेलं धुराडं. चूल पेटवली, माते हा इथला कडू पाल्याचा चहा करून घेतला, आणि खिडकीशी बसून एकटीच मोठ्यानं हसले.

रेनातोचा शब्द आहे: येता हिवाळा संपायच्या आत वाचक दहा हजारांवर ने, घर तुझ्या नावावर. हा रेनातो पलीकडे पुएर्तो मोन्त शहरात बसून शहरातल्यांना बेटावरची लोकर विकतो. दर आठवड्याला गिऱ्हाइकांना मेलवर एक बातमीपत्र जातं, ‘बेटावरून’. ते आता मी लिहिणार. रांकाग्वा शहरात अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या मागच्या खोल्यांत गेलं. न्हाणीघराला जायचं तरी विचारून. हे घर मला हवंय, आणि ते मी मिळवणार.

७ एप्रिल

गावात दुकान एकच, डोन्या एल्सिराचं; डोन्या म्हणजे बाईसाहेब. सगळं बेट दुपारी तिथं जमतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची सालं काढतं. आज माझी काढली. कुस्तोदियो नावाचा म्हातारा आहे, बेटावरची सगळ्यात तगडी बैलजोडी त्याची. त्यानं मला बटाटे घेताना पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, बाईंना सोलता येतात का, की नुसते फोटो काढता येतात? सगळे खिदळले. मी म्हटलं, सोलायला शिकवा, तुमचाच फोटो काढते. मग एल्सिराही हसली.

हसल्या हसल्या कामाला लागले. मेलचा पत्ता द्या, पाव किलो साखर न्या. संध्याकाळपर्यंत पोतं संपलं. माणसं साखरेला विकली जातात, इथंही आणि रांकाग्वातही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना एल्सिरा दुकानात मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

११ एप्रिल

आकडा हलत नाही. रेनातोचा फोन, तोच सूर: शहरातल्या माणसाला बेटाचा वास येऊ दे, यास्ना, वास!

वास सापडला. दुकानात मिंगाच्या, म्हणजे गावानं मिळून घर हलवण्याच्या, गप्पा चालल्या होत्या. इथं घर हलवायचं तर अख्खं घरच ओढून नेतात. आदल्या दिवशी मालक टोपी हातात घेऊन दारोदार जातो आणि विनवतो. विनवल्यावर नाही म्हणायची सोय नाही, ‘येतो’ एवढंच म्हणायचं. घराखाली ओंडके सरकवतात, धुराडं उतरवतात, दारं-खिडक्या काढून ठेवतात, बैल जुंपतात. समुद्र ओलांडायचा असला तर कडेनं रिकामी पिंपं बांधून भरतीला तरंगवतात. ज्यानं विनवलं त्यानं पुढं चालून जागा दाखवायची, आणि शेवटी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं.

रात्री तोच मजकूर केला: ‘मी दारी आले आहे. उद्या नाही, परवा सकाळी या. तुमच्याशिवाय घर हलणार नाही.’ खाली बटण: मित्रांनाही बोलवा. गेल्या वर्षभरात इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं.

१३ एप्रिल

आज सकाळी कुत्री भुंकायला लागली म्हणून दार उघडलं. अंगणात अख्खं गाव. बैलजोड्या, दोरखंड, ओंडके, बायकांच्या डोक्याला रुमाल. कुस्तोदियो टोपी काढून पुढं आला आणि म्हणाला, “आलो. कुठं न्यायचं ते सांगा.”

मला हसू आवरेना. म्हटलं, अहो, ती लिहायची एक पद्धत असते, घर कुठंही जायचं नाही, वाचक वाढवायचेत. त्यानं विचारलं, म्हणजे विनवलंत ते खोटं? म्हटलं, खोटं कसलं, जाहिरात आहे. मागून एल्सिरा ओरडली, “अगं बये, चार तास चालत आलीत माणसं पलीकडून, घोटभर सूप तरी ठेवलंयस का चुलीवर?” घरात अर्धा पाव होता. मी आधी त्या सगळ्यांचा फोटो काढला, मग माफ करा म्हटलं आणि दार लावलं. फोटो सुंदर आलाय.

ते बराच वेळ तसेच उभे होते. मग बैल वळवल्याचा आवाज आला.

१४ एप्रिल

बेटावरच्या एकूण एक वाचकानं नाव काढून घेतलं. साखर मात्र कुणी परत आणली नाही! दुकानात गेले तर एल्सिरा म्हणाली, पाव संपला. पाव समोर फळीवर होता. मी बोट दाखवलं, तर ती म्हणाली, “तो पाव नाही, जाहिरात आहे.” दुकानभर हशा. असल्या लोकांना माझ्यासारखीच भेटायला हवी होती. रेनातो फोनवर इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरला. असंच चाललं तर मेमध्ये घर रिकामं कर म्हणाला.

रिकामं करते? बघूच.

१६ एप्रिल

तेच पत्र पुन्हा पाठवलं. नाव काढायचा दुवा तळाशी, इतक्या फिक्या अक्षरांत की सापडला तर बक्षीस द्यावं. वर मोठ्या अक्षरांत: ‘आपल्या माणसांना बोलवा, ती कुठेही असोत.’ तिघांना आणणाऱ्याला लोकरी मोजे.

संध्याकाळी भरती चढत होती तेव्हा नावं यायला लागली. एकामागून एक, थांबेचनात. सगळे लगेच पत्र उघडतात, शेवटपर्यंत वाचतात आणि उत्तरही देतात! सगळ्यांचं उत्तर एकच: ‘येतो. कुठं न्यायचं?’ गावातल्याच कुणीतरी खोड्या चालवल्यात, पण रेनातोला खोडी दिसत नाही, आकडा दिसतो. एकेकाला कोण लिहीत बसणार? आपोआप जाणारं उत्तर लावून दिलं: ‘आभारी आहोत! तुमच्याशिवाय घर हलणार नाही.’

१९ एप्रिल

आकडा आठ हजारांच्या पुढं. नावं येतात ती फक्त भरतीला. ओहोटी लागली की चिडीचूप. रेनातो मला राणी म्हणायला लागलाय.

मुद्दाम दुकानात गेले. म्हटलं, तुम्ही गेलात म्हणून काय अडलं? आडनावं तर तुमच्याच बेटाची आहेत, ऐका. आणि फोनवरून नावं वाचायला लागले. रुदेसिंदो चिग्वाय. आर्तेमिओ नाव्हेल्किन. सेलेदोनियो बार्रिया. वाचता वाचता लक्षात आलं की कुणी हसत नाही. कुस्तोदियोनं टोपी काढली होती. एल्सिरानं काउंटर पुसायचं फडकं तोंडाला लावलं होतं. कुणीतरी हळूच सांगितलं, रुदेसिंदो तिचा भाऊ. लहान होती ती, तेव्हा मासेमारीची एक बोट बुडाली, तिच्यावर होता. बाकीचेही तसेच, या ना त्या वादळात बुडालेले, एकही प्रेत न मिळालेले.

मी म्हटलं, फारच हलकट थट्टा आहे, कोण करतंय ते शोधा. एल्सिरा म्हणाली, “थट्टा तू केलीस. आता निघ.” आणि मला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं.

२१ एप्रिल

दार लागत नाही. चौकट तिरकी झालीय. बाहेर येऊन बघते तर घर खुंटांवरून सरकलंय, चांगलं हातभर, उताराच्या बाजूला. गवतावर दोरखंड घासल्याच्या खुणा. सगळीकडे पाणी, आणि पाऊस तर पडलेला नाही.

तडक कुस्तोदियोकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं गोठ्याचं दार उघडून दाखवलं. दोन्ही बैल कोपऱ्यात अंग चोरून उभे होते, थरथरत. तो म्हणाला, कालपासून असेच आहेत, चाऱ्याला तोंड लावत नाहीत.

२३ एप्रिल

घराखाली ओंडके आहेत. काळे, शेवाळलेले, त्यांना कालवं चिकटलेली. धुराडं उतरवून नीट भिंतीशी टेकवून ठेवलंय. काल मी घरातच होते. दुपारी धुकं आलं, भरती आली, आणि कपातला माते एका बाजूला कलला. बाहेर पुष्कळ माणसं एकदम श्वास घेतात तसा आवाज आला, मग घर हललं. खिडकीतून धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं.

मला जायचंय. घरही नको, दहा हजारही नकोत. पण वादळी वाऱ्यामुळे बंदर बंद, बोट नाही. कधी सुटेल तेही कुणी सांगत नाही, कुणी माझ्याशी बोलतच नाही.

रेनातोला फोन केला. म्हणाला, वाऱ्यानं हललं असेल, तू पुढचं पत्र लिही.

२४ एप्रिल

खिडक्या काढल्यात. तावदानं सफरचंदाच्या झाडाखाली, एकावर एक, मध्ये गवत घालून, जराही तडा नाही. किती काळजीनं करतात सगळं.

सगळ्यांना लिहिलं, हे रद्द, कृपया येऊ नका. सगळ्यांची तीच उत्तरं आली. ‘येतो. कुठं न्यायचं?’ आणि माझंच ते मेलं उत्तर त्यांना जात राहिलं. आता बंद केलंय. फार उशिरा बंद केलंय.

एल्सिराच्या पायाशी बसले. खरंच बसले, तिच्या दुकानातल्या फरशीवर. त्यांची उत्तरं सांगितली, आणि विनवलं. ती माझ्याकडे न बघता बोलली: विनवणी मागं घेता येत नाही. माझा भाऊ विचारत होता, कुठं न्यायचं. कितीदा विचारलं त्यानं? तू जागा सांगितली नाहीस. जागा माहीत नसेल तर ओढणारे आपल्या घराकडे ओढतात, बाई. त्यांना दुसरी वाट कुठं ठाऊक आहे?

मी म्हटलं, मग मी घराबाहेर राहते, तुमच्याकडे ठेवून घ्या. ती म्हणाली, आम्हाला तू दार लावलं होतंस.

२५ एप्रिल

चर्चच्या ओसरीत थांबले होते. दुपारी भरती आली. धुक्यात दोन रांगा, माझ्याकडे तोंड करून. चेहरे दिसत नव्हते, खांद्यावर दोर. काही करत नव्हते. वाट बघत होते. मी पुढं चालावं म्हणून.

पळत घरी आले. घरात असलं की निदान मध्ये भिंत आहे.

छपरावरची डिश पडलीय. इंटरनेट नाही, फोनही नाही. जागा लिहून पाठवणार होते, ‘होतं तिथंच ठेवा’, एवढंच. तीन शब्द.

जेवणाचं आठवलं. बटाटे होते ते सगळे उकडून अंगणात ठेवले. माफ करा म्हटलं, मोठ्यानं, खरंच मनापासून.

२६, सकाळ

बटाटे तसेच आहेत. घराच्या कडेनं पिंपं बांधलीत. चारी बाजूंनी. गाठी ओल्या —

झाडं आता खूप वर दिसतात. किनारा दाराशीच आहे. वर वाटेवर गाव उभं आहे, कुस्तोदियो, एल्सिरा, सगळे. टोप्या हातात. मी हाका मारल्या. कुणी हात हलवला नाही. एल्सिरा रडतेय, पण माझ्याकडे बघत नाहीये. पाण्याकडे बघतेय —

२६, दुपार

जमीन सपाट झाली. कललेलं काही नाही. फळ्यांखाली पाणी वाजतंय

धुकं. वाटेवरचे दिसत नाहीत

एकदम ओढतात, सगळे मिळून, ओरडत नाहीत, नुसता श्वास — मग थांबतात — मग पुन्हा

सांगते. अजून सांगता येईल. खिडकीच्या भोकातून ओरडून

सांगितलं. इथंच. इथंच ठेवा, पुढं नको, इथंच माझी जागा — घसा फाटेपर्यंत

थांबले

खरंच थांबले. दोर सैल पडले. ऐकलं त्यांनी. देवा, ऐकलं —

सगळे वळलेत घराकडे. किती आहेत. छातीपर्यंत पाण्यात, लांबपर्यंत

एक जण दाराशी आलाय. टोपी काढली. तिच्यातून पाणी

म्हणतो, इथं म्हणजे नेमकं कुठं, बाई. पुढं व्हा. चालून दाखवा

दार लावायला उठले तर दार नाहीये, ते कधीच काढून

त्यानं हात पुढं केलाय, उतरायला आधार म्हणून, आणि खाली पाय टेकायला जमीनच