आकसलेलं अस्तर

मंगळवार, संध्याकाळ. धरणगाव.

जळगावला डॉक्टरांना दाखवून आले. कॅन्सरमुळे डावा स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवलं, त्याला दीड वर्ष झालं. सहा महिन्यांपासून ती बाजू कडक होत वर सरकत होती, आणि वीस वर्षं ब्लाउज शिवणारी मी दर वेळी ब्लाउजचीच डावी शिवण उसवत बसले. चार वेळा! माझाच हात चुकतोय, असं वाटत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, आत काही परकं ठेवलं की शरीर त्याभोवती पातळ आवरण तयार करतं. तुमचं आवरण आकसलंय. ते काढून नवीन इम्प्लांट बसवू. पण पुन्हा आकसणारच नाही, अशी खात्री देता येत नाही."

म्हणजे अस्तरच की! आधी भिजवून घेतलं नाही, तर पहिल्या धुण्यात आकसतं आणि वरच्या चांगल्या कापडाला चुण्या पडतात. पण हे आतलं अस्तर भिजवणार कसं? आणि माझंच का आकसलं? डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं व्हई, घाबरू नको." भीती आहेच. तरी निघताना डॉक्टरांना विचारलं होतं, "काढलेलं आवरण मला दाखवाल?" ते हसले. "आजवर कुणी मागितलं नाही."

मला ते चिमटीत धरून बघायचंय.

चार वेळा उसवलेला ब्लाउज आत्ता पुन्हा पहिल्या मापावर शिवून ठेवला. माझा हात चुकला नव्हता.