दुसरा ब्रेक

१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन नको, पत्र लिही, असा तुझा हुकूम. का, तर फोनवर मी तुला हसवतो आणि विषय बुडवतो. घे, लिहितो. समोर माणूस नसताना बोलायची मला सवय नाही. दर वाक्याला थांबून हशाची वाट बघतो, तर वरच्या मजल्यावरून कपडे आपटल्याचा आवाज येतो. त्यावरच समाधान मानतोय.

वर्ष संपत आलं. डिसेंबरात मी दरवर्षी कोणते विनोद चालले आणि कोणते पडले ते बघत बसतो. यंदा फार बसावं लागलं नाही. दाताच्या डॉक्टरवरचा चालला. भाड्याच्या खोलीवरचा अर्धा चालला. लग्न न झालेल्या माणसावरचा मात्र असा पडला की पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी नंतर मला गाठून स्थळ सुचवलं.

खरी गोष्ट तुला माहीतच आहे. माझं नाव झालं ते बाबांच्या सोंगावर. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा बाप. शिकाऊंच्या शेजारी बसून जन्म गेलेला, आणि त्याच्या पायाशी त्याचा स्वतःचा दुसरा ब्रेक. घरी जेवतानाही कुणी वेडंवाकडं बोललं की टेबलाखाली त्याचा उजवा पाय खाडकन दाबला जातो. लोक हसून हसून खुर्चीतून घसरायचे. बाबा एकदाच ते बघायला आले, मधेच उठून गेले, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. नकला करतो म्हणून लहानपणी त्यांनीच मला पोपट म्हटलं होतं, पण पोपट आपल्याच घरातलं बोलेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी म्हणायचो, निवळतील हळूहळू. मग जूनमध्ये तो झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. ज्या पायाची मी गावभर टिंगल केली तोच गेला गं. त्या दिवसापासून ते सोंग बंद. कानाला खडा.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मोठ्या सभागृहातला कार्यक्रम मिळालाय, टीव्हीवर दाखवणार आहेत. पण आयोजकांना ब्रेकवाला बापच हवा, नाहीतर ते दुसरा माणूस बघणार. कित्येक वर्षं मी या बोलावण्याची वाट बघितली. नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हटलं तर बाबांकडे कुठल्या तोंडानं बघू? तू सांगशील तसं करीन.

नव्या वर्षाकडून दोनच गोष्टी हव्यात. बाबांशिवाय लोकांना हसवता यावं, आणि बाबांनी मला एकदा तरी शिवी घालावी. दुसरी जास्त हवी आहे.

तुझी माया आहेच, ती अशीच ओरडत राहो.

तुझा,
पोपट


१७ डिसेंबर

चि. पोपट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आजीबाईंनी सुचवलेली मुलगी काय करते ते तेवढं लिहायचं राहिलं. पुढच्या पत्रात कळव.

हो-नाहीचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून मोकळा झालास. लहानपणापासून हीच खोड! आधी इथलं ऐक.

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, चित्रं दाखवतात. कप, छत्री, मांजर. बाबा धड असलेल्या हातानं ती चित्रं ढकलून देतात आणि खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसतात. बाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या की गळ्यात काही बिघाड नाही, शब्द आत अडकलेत. पण त्यांनी प्रयत्नच सोडला तर पुढे ते आणखी कठीण होईल. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग घासलेलीच भांडी पुन्हा घासली. बाईंनी विचारलं होतं, त्यांचं जुनं बोलणं कशात रेकॉर्ड केलेलं आहे का. आपल्याकडे कुठून असणार? आईच्या वेळचा अल्बम आहे, पण फोटो काय बोलणार. मग तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आठवला.

देवाचं नाव घेतलं आणि लावला. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. म्हटलं, आता पुन्हा काहीतरी होतंय. तर त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, चूक. इतक्या महिन्यांतला पहिला शब्द, रे! अगदी स्वच्छ. तुझ्या सोंगातले बाबा आधी हँडब्रेक काढायला सांगतात आणि मग आरसा बघायला. असं उलटं आपल्या बाबांनी उभ्या जन्मात कुणाला शिकवलेलं नाही. तू त्यांची टिंगल केलीस ते त्यांनी एकवेळ गिळलं असतं, पण चुकीचं शिकवलंस ते नाही.

तेव्हापासून रोज दुपारी लावते. चूक, थांब, आरसा आणि गाढव, एवढे शब्द झाले. शेवटचा तुला उद्देशून आहे, तेव्हा तुझी एक इच्छा जुन्या वर्षातच पुरी झाली म्हणायची. पण कालपासून पुन्हा तोंडाला कुलूप. त्या व्हिडिओतल्या चुका त्यांनी सगळ्या सुधारून झाल्या. आता नव्या हव्यात, आणि चुका करण्यात तुझा हात कोण धरणार?

माझं उत्तर हे. सोंग खुशाल कर, पण इथे येऊन, त्यांच्यासमोर, आणि मुद्दाम वाईट कर. मोठा कार्यक्रम सोड असं मी म्हणणार नाही, मला तेवढा अधिकार नाही. ये, एवढंच म्हणते. आलास तर मीही चार दिवस माझ्या घरी जाऊन येईन. तुझे भावोजी सध्या स्वतः रांधतात आणि शेजाऱ्यांकडे जेवतात.

रागानं लिहिलंय, प्रेमानं वाच.

तुझी,
ताई


१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घर जागेवर आहे, बाबा ठणठणीत आहेत, दूध एकदाच उतू गेलं. भावोजींना म्हणावं, आता जेवा पोटभर.

आयोजकांना नकार कळवला तेव्हा फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. असा शांत प्रेक्षक मला यंदा पुष्कळदा भेटलाय, म्हणून घाबरलो नाही. फोन ठेवल्यावर मात्र जिन्यातच बसून राहिलो. वाईट वाटलं, ताई. फार वाईट वाटलं. तुला खोटं कशाला सांगू?

इथे पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली खुर्ची ही गाडी आणि पातेल्याचं झाकण हे स्टिअरिंग. तिसऱ्या गिअरवर गाडी सुरू केली, उजवीकडचा इंडिकेटर देऊन डावीकडे वळलो, आरशात बघून भांग पाडला. बाबा ढिम्म! एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खिडकीकडे वळवली. स्टेजवर पडणं परवडलं, तिथे निदान मागे जायला दार असतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या शिकाऊंच्या शेजारी जन्म काढलेला माणूस, त्याला मुद्दाम केलेली चूक ओळखू येणार नाही? लटक्या चुकीला ते कशाला बोलतील!

खरी चूक कुठून आणायची याची मला चिंता नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा मुलगा आणि गाडी येत नाही! लहानपणी बाबांनी बसवलं, पहिल्या वळणाला मी रडलो, तो अजून बसस्टॉपवर उभा आहे. स्टेजवर करतो ते सगळं ऐकीव. म्हणूनच तर हँडब्रेक आधी निघाला.

काल दुपारी शेडमधल्या स्कूलच्या गाडीवरचं कापड काढलं. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नव्हता. शेजारच्या काकांनी आणि मी बाबांना उचलून त्यांच्या सीटवर बसवलं, आणि मी स्टिअरिंगपुढे बसलो. सोंग नाही, खरंच शिकायला. किल्लीकडे हात नेला तर बाबा कडाडले, चूक! मग म्हणाले, आरसा. आरसा सरळ केला तर म्हणाले, बघ. कुठे बघू विचारलं, तर डाव्या हाताचं बोट आधी आरशाकडे, मग पुढच्या काचेकडे नेत, अडखळत, लाळ पुसत म्हणाले की आधी मागे बघ, मग पुढे. अख्खं वाक्य, ताई! मी मागे बघितलं. शेडची भिंत होती आणि तुझी जुनी सायकल.

मग मी क्लच एकदम सोडला. बंद गाडी, पण चूक ती चूक. बाबांनी ब्रेक दाबायला जोर केला आणि उजवा पाय हलला नाही. ते खाली त्या ब्रेककडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. मग त्यांनी डावा पाय आडवा टाकला, वाकडातिकडा, आणि दाबला. खाडकन! मी हसलो, भीतीनं की कशानं कोण जाणे. आणि बाबा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मी जन्मभर लोकांना हसवलं, यांना पहिल्यांदाच.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तोच कार्यक्रम लागला होता. हशा ऐकू येत होता. बाबा मला सीट किती पुढे घ्यायची ते सांगत होते.

रविवारी तू आलीस की निघेन. नव्या वर्षात लायसन काढायचं म्हणतो. तू आशीर्वाद दे, रस्त्यावरच्यांना सावध कर.

तुझा,
पोपट


१९ जानेवारी

चि. पोपट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज मी लिहीत नाही. खालचं बाबांनी डाव्या हातानं लिहिलंय, कागदावर कागद फाडून. मी मायना सांगायला गेले तर मलाच चूक म्हणाले.

ताई


चि. पोपट
आशीर्वाद

बॅटरी नवी आणली.
क्लच सावकाश.
सोंगात उजवा पाय. चूक.
आता डावा.
लोकांना डावा दाखव. नीट.
लोभ आहे. होताच.

बाबा