आठ दारांची होडी

प्रिय बाळू,

तू जाऊन चार वर्सं झाली, आन कागद आज लिव्हतेय. चौथीपत्तुर शिकलेलं अक्षर हाय, हसू नको. होडी घावली, म्हनून लिव्हतेय. तुझी. धरनातली.

औंदा पानी लई खाली गेलं. लोक गाळ काढून रानात नेत्यात, तर जेसीबीला खटकन लाकूड लागलं. मी गेले बघायला. गाळात आडवी पडलेली. साखळी तशीच, आन साखळीला आख्खा खुटा, जिमिनीतनं उपटून आलेला. वाऱ्यानं खुट्यासकट नेली, आसंच तू म्हनत हुतास ना?

आठवतं का रं, कशी केली ती? गाव पान्यात गेलं. घरं अल्याड आली, रान पल्याड ऱ्हायलं. मग आठ घरांनी जुनी सागवानी दारं काढून दिली आन तू होडी ठोकली. आमी सगळी पत्र्याच्या खोल्यांना गोनपाट लावून बसलो. शेजारचा कोंडीबा म्हनायचा, "शिंगनापूरला देवामुळं दारं न्हाईत, आपल्याला बाळूमुळं."

आन आपल्या घराचा उंबरा तू मधी आडवा टाकला. बसायला म्हनं. आरं, उंबऱ्यावर कुनी बसतं का? बाया त्याला हात लावून पाया पडायच्या आन खाली बुडं भिजवत बसायच्या. मी म्हनले हुते, दुसरं लाकूड घाल. ऐकलंस का? वरनं खिळा बी वाकडा ठोकलास.

मग ती गेली. भर दुपारी वादळ आलं, होडी रिकामी, बघनारं कुनी न्हाई. तू आठ दिवस बुड्या मारल्यास. तवर कोंडीबानं उठवलं, बाळूनं दारं पारनेरच्या वखारीत घातली. लोकांना पटलं.

आन मला? जेवताना म्हनले तुला, "इकली आसशील तर सांग, मी काय खाती का?" तू ताटावरनं उठलास. पुढं माझ्या हातचं जेवलास, पन त्या दिवसाचं कधी काढलं न्हाईस. भांडला आसतास तर बरं झालं आसतं.

आता सरपंच म्हनतो, "आक्का, मांडव घालू, होडी बागेत ठिवू, फोटो काढू." मी म्हनले, "लोकांची दारं हायेत ती. बागेत कशाला?" टेम्पो बोलावला आन ज्याची फळी त्याच्या घरी पोचती केली. दोन निम्म्याच उरल्यात. त्या बी दिल्या.

कोंडीबाकडं शेवटी गेले. त्याला आता नीट दिसत न्हाई. फळीवर हात फिरवला, कडीच्या भोकात बोट घातलं आन तसंच ठिवलं.

"हे तर आमचं दार."

"व्हय. पारनेरहून आनलं."

त्याची सून म्हनली, "आत्या, चा घ्या."

"चा मागनं. आधी ह्याला बोलू दे."

"चुकलं, आक्का," तो म्हनला. "बाळूला सांगायला पायजे हुतं."

"मी सांगते," म्हनले, आन चा घेतला.

तर सांगितलं. आता माझं. माझं बी चुकलं, बाळू. कोंडीबा तर शेजारी. मी तुला कडेवर घिऊन वाढवलं, आन मीच इचारलं.

उंबरा घरी आनलाय. गवंडी म्हनला, कुजलाय, फरशी लावू. मी म्हनले, हाय तेवढा बसव. बसवला. मग गडी तुझा वाकडा खिळा सरळ करायला लागला, तवा हातोडी काढून घेतली.

मी हाय तवर त्या उंबऱ्यावर कुनाचा पाय पडनार न्हाई. आन तो खिळा वाकडाच ऱ्हाईल.

तुझी,
आक्का