आत्याचा रक्तगट

१४ मे
आले एकदाची मांडवगण फराट्याला! दौंडच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून थेट उसातल्या स्लॅबच्या घरात. मामाची पोरगी करायची रीत आमच्यात जुनीच, त्यामुळे सिंधूआत्याच माझी सासू झाली. नवरा विश्वजीत कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे, बोलायच्या आधी लाजतो. शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचे, तो खडूचा डबा सवयीने सोबत आलाय. आज आत्याने स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवली. आई गेल्यापासून असं कुणी भरवलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

२१ मे
आत्या आजारी आहे, हे लग्नाआधी कुणी बोललं नव्हतं. तिच्या हाडांतला मगज रक्तच तयार करत नाही, बाहेरून चढवावं लागतं. त्यात तिचा गट बॉम्बे. साध्या तपासणीत हा गट 'ओ' दिसतो, पण 'ओ'वाल्याचं रक्त चढवलं तर पेशी फुटून माणूस जातो. दहा हजारांत एखाद्याचा असतो आणि घराण्यातून उतरतो. विश्वजीतला बापाचा गट मिळाला. परवा पोपट कंपाउंडर तळेगाव ढमढेऱ्याहून गाडीवर आला, माझं रक्त तपासायला घेऊन गेला. मीही बॉम्बे! आत्याने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आज मी आपणहून हात पुढे केला. पाच लिटरमधलं साडेतीनशे मिली, घाबरायचं काय त्यात, असं पोरांना मीच सांगायचे. आत्याच्या गालांवर रंग आला. फार बरं वाटलं.

४ जून
पोपट पुन्हा हजर. बाईने एकदा रक्त दिलं की चार महिने थांबायचं असतं, असं मी म्हटलं. आत्या म्हणाली, "पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ दे. घरातलं रगत घरातच ऱ्हातंय, कुठं बाहीर चाललंय?" विश्वजीतने खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे आणून ठेवलेत. दिलं. तोंडावर नाही म्हणायला जमत नाही, ही माझीच खोड.

१८ जून
चौथी पिशवी. जिना चढताना धाप लागते. रक्त पातळ झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. बसल्या बसल्या नाडी मोजली, एकशे दहा. काल खडू खाल्ला. दोन कांड्या, चवीने. शरीरातलं लोह संपलं की असं होतं.
गोठ्यातली गाय गाभण आहे, म्हणून आत्याने तिला दोन महिने आटवलंय, थेंबभर काढत नाही. मी ते बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "गाय इकत आणलीया." आणि मेली तोंडाला पदर लावून खो-खो हसली. पोपटही हसला.

२५ जून
आज नाही म्हटलं. विश्वजीतने दंड धरला, पोपटने सुई घातली. विश्वजीत रडत होता, पण दंड सोडला नाही. थू त्याच्या रडण्यावर. मोबाइल काढून घेतलाय. दाराला बाहेरून कडी.
तांबडी पेशी एकशे वीस दिवस जगते. माझ्या पेशी आता आत्याच्या अंगात जगणार. ती भाजीवालीशी भांडत होती, अंगणात, ताठ उभी राहून—

२ जुलै
सहावी. पापणीच्या आत पांढरंफटक. आरसा नको.
हिमोग्लोबिन पाच, असं पोपट आत्याला सांगत होता. अजून दोन पिशव्या निघतील म्हणाला. दोन. त्यापुढचं कुणी विचारलं नाही. मला मरायचं नाही. चोविसावं चालू आहे मला—

५ जुलै
धुरपदाबाई, भांडी घासणारी. खिडकीच्या गजातून तिला चिठ्ठी दिली. दौंडला अण्णांना. अण्णा, मला घेऊन जा, मरते आहे. एवढंच लिहिलं. तिने कंबरेला खोचली.
अण्णा येतील. बापच आहे माझा—

९ जुलै
अण्णांचा आवाज! बाहेर चहा घेतायत. कपड्यांचं बोचकं बांधून बसलेय. उभं राहवत नाही, भिंत धरून—

तोच दिवस
ऐकलं. दाराला कान लावून.
चिठ्ठी त्यांनी आत्याच्या हातात दिली. त्यांचाही गट हाच. चार वर्षं तेच देत होते. मग साखर वाढली, डॉक्टरांनी बंद केलं. "तवाच तर पोरगी दिली," म्हणाले, "बहीण एकच हाय मला."
त्यांना माहीत होतं. अक्षता टाकताना माहीत—
विश्वजीत शिफ्टला गेलाय. पोपट विचारतोय, दंड कोण धरणार.
कडी वाजली. अण्णा. बाह्या वर करून. ताप आला की असेच उशाशी बसायचे, कपाळावर हात ठेवून—
रडू नको म्हणतात. आत्यासाठी. थोडंच